धक्के खाणारे खाते

शॉक अब्सॉर्बर म्हणजे मोटारीच्या चाकाजवळ, चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये उभे किंवा तिरके बसवलेले तेलाचे बंद नळकांडे. महाराष्ट्रातल्या गॅरेजात त्याला शॉकअप म्हणतात, जयपुरात शॉकर. पिकअप किंवा एसयूव्हीला असे चार असतात. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली ही चौकडी कधी ना कधी झिजते आणि बदलावी लागते. याबद्दलची माहिती गाडीच्या माहितीपुस्तकात शोधायची असते. माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या मूळ पिशवीत असते, आणि ती पिशवी फोडण्याचा प्रसंग बहुतेक घरांत गाडी विकेपर्यंत येत नाही.

शॉकअपचे काम काय, याबद्दल जनमत एकमुखी आहे आणि चुकीचे आहे. शॉकअप गाडीचे वजन पेलतो, असे समजले जाते. वजन पेलतात त्या स्प्रिंगा: पुढे बहुधा गुंडाळीच्या, मागे बहुतेक पिकअपना पोलादी पाटे. म्हणून 'गाडी मागून बसली, शॉकअप गेले' हे निदान ऐकायला खणखणीत असले तरी बसलेले असतात ते पाटे, आणि शिक्षा होते ती शॉकअपला. शॉकअपचे काम स्प्रिंगला आवरण्याचे. स्प्रिंग जात्याच उत्साही. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि खड्डा मागे पडून फर्लांगभर झाले तरी तिचा सोहळा चालूच राहतो. पहिल्या हेलकाव्यानंतर तिला 'आता पुरे' असे सांगायला कोणीतरी लागते.

हे सांगण्याची पद्धत साधी आहे. नळकांड्यात तेल, तेलात दांड्याच्या टोकाला लावलेला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. चाक वरखाली झाले की दट्ट्या तेलातून रेटला जातो, तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते आणि उसळीची सारी शक्ती तेल तापवण्यात खर्ची पडते. बहुतेक शॉकअप दबताना कमी विरोध करतात आणि ताणले जाताना जास्त. म्हणजे आत जायला फारशी हरकत नाही, खरी चौकशी बाहेर पडताना. सरकारी खात्यांशी संबंध आलेल्यांना या तत्त्वाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. खराब रस्त्यावरून अर्धा तास चालून आलेल्या गाडीचे चारही शॉकअप जपून, बोट टेकवून पाहिले तर काम करणारे गरम लागतात आणि काम सोडून दिलेला गार लागतो. इतकी स्वस्त आणि निर्विवाद चाचणी कचेऱ्यांमधून अजून लागू झालेली नाही.

भारतात शॉकअपशी सर्वांत घट्ट जोडले गेलेले नाव गॅब्रिएल. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली सुरू झाली आणि तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला निघाला. मूळ अमेरिकन कंपनी क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आधी काढला होता तो मोटारीचा भोंगा, म्हणून तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचे नाव. धक्के आवरणारे साधन नंतर आले. आधी हॉर्न, मग धक्क्यांचा विचार, हा क्रम भारतीय रस्त्यांवर आजही निष्ठेने पाळला जातो.

शॉकअप एका दिवसात जात नाही. इंजिन तापले तर दिवा लागतो, ब्रेक गेले तर भिंत लागते. शॉकअपसाठी डॅशबोर्डवर दिवाच नाही. दांड्याभोवतीचे सील झिजते, तेल झिरपू लागते, त्यावर धूळ बसून नळकांड्यावर काळा चिकट थर चढतो. आत झडपा सैल पडतात. तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला भोकातून जायला काहीच कष्ट पडत नाहीत. दोन्ही टोकांचे रबरी बुश चिरतात आणि खडखड सुरू होते. बनवणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबाने शॉकअप एका किलोमीटरला हजारएक वेळा खालीवर होतो, म्हणजे ८०,००० किलोमीटरला आठ कोटी वेळा. त्या सुमारास तरी तो तपासून घ्यावा, असे त्या सांगतात. गाडीचे मालक ऐकतात आणि गाणी मोठ्याने लावतात. खडखडीवर हा इलाज बराच काळ पुरतो.

या काळात दोष इतरत्र वाटला जातो. घरातल्या आत्याला 'गाडी लागते' असे जाहीर होते. तिला लिंबू हुंगायला दिले जाते, आवळा सुपारी दिली जाते, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर बसवले जाते, आणि कशानेच भागले नाही की पुढच्या सीटवर घेतले जाते. तिथे तिला बरे वाटते, कारण मागच्या चाकांवर उसळणारी जागा आता मेव्हण्याच्या वाट्याला आलेली असते. पुढच्या सहलीला मेव्हण्यालाही गाडी लागते. अशा रीतीने अख्खे घराणे एकेक करून नाजूक प्रकृतीचे ठरते, पण गाडीखाली कोणी वाकत नाही. ब्रेक दाबला की गाडी पुढे झुकून सिग्नलला नमस्कार करते, वळणावर कलते, टायरवर ठिकठिकाणी खोलगट चकत्या पडतात. चाक रस्त्यावर टेकलेले राहण्याऐवजी उड्या मारू लागले की ब्रेकला पकडायला काही उरत नाही आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. प्रकरण इथवर गेले की ते आत्याच्या प्रकृतीपुरते राहत नाही. तरीही आधी टायर बदलले जातात. टायर दिसतात.

या विषयाच्या अभ्यासाला जयपूर हे सोयीचे शहर आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेल्या या नगरीचे रस्ते विद्याधर भट्टाचार्य यांनी सरळ आणि काटकोनात आखले. त्या आखणीत शॉकअपला जाच होईल असे काही नव्हते. ती उणीव नंतरच्या पिढ्यांनी गतिरोधक घालून भरून काढली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या सूचनांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, हलक्या घुमटीचा असावा, ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता यावा, त्यावर पट्टे रंगवावेत आणि आधी सूचनेची पाटी असावी. प्रत्यक्षात, जयपूर असो की जळगाव, गतिरोधकाची उंची शेजारच्या घरमालकाच्या संतापाइतकी असते आणि पाटीचे काम पुढच्या गाडीची आदळआपट करते.

शहराभोवतीचे उद्योगही मदतीला आहेत. आमेरच्या गावातून किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या जीपा दिवसभर चढउतार करतात. झालानाच्या जंगलात बिबटे दाखवायला जिप्सी फिरतात. जिप्सीला चारही चाकांना पाटेच असल्यामुळे बिबट्या दिसेल की नाही हे सांगता येत नाही, पण आपल्याला मणके किती आहेत हे पर्यटकाला नक्की कळते. आणि मग आहे तो दगड. मकराणा आणि किशनगडचा संगमरवर जयपुरात येतो तो पुष्कळदा पिकअपमधून. संगमरवराचा एक घनफूट ७५ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे दीड टन वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात वीस घनफूट ठेवले की मर्यादा संपली. पण वीस घनफूट म्हणजे हौद्याच्या तळाला जेमतेम पाच इंचांचा थर. वर एवढी मोकळी जागा दिसत असताना थांबणे हे माणसाच्या स्वभावात नाही, व्यापाऱ्याच्या तर नाहीच.

मराठी माणसाचा जयपूरच्या शॉकअपशी संबंध येतो तो याच दगडामुळे. महाराष्ट्रात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की 'मूर्ती जयपूरहून आणायची' हा ठराव बहुधा चर्चेविना मंजूर होतो. चांदपोल बाजाराला लागून असलेल्या खजानेवालों का रास्ता या गल्लीत मूर्तिकारांची दुकाने आहेत. पांढऱ्या भुकटीने माखलेल्या कारागिरांच्या हाताखालून तिथे विठ्ठल-रखुमाई, दत्त, साईबाबा आणि गावच्या माजी आमदारांचे वडील असे सगळेच बाहेर पडतात. मूर्ती पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात ठोकून ट्रान्सपोर्टने पाठवण्याची उत्तम सोय आहे. पण देव ट्रान्सपोर्टवर सोडायला मन धजत नाही, त्यामुळे काही समित्या स्वतःची पिकअप घेऊन निघतात. अध्यक्ष, खजिनदार, ड्रायव्हर आणि हिंदी येणारा एक. पुणे आणि जयपूर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न नाही; अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ही गावातली, दूध, कांदे, मंडपाचे खांब आणि एखादे वऱ्हाड वाहून मुरलेली. मूर्तीला किती पेंढा घालायचा यावर समितीच्या तीन बैठका झालेल्या असतात. गाडीखाली काय आहे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. तो पहिल्यांदा निघतो तो मूर्तिकार दुकानाच्या पायरीवरून रिकाम्या पिकअपला गल्लीत डुलत येताना पाहतो तेव्हा. नाक, कान आणि बासरी या भागांची हमी तो तत्काळ काढून घेतो.

इथून निदानाला सुरुवात होते. लोकमान्य पद्धत अशी, की गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून भार द्यायचा आणि एकदम सोडायचे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप बरा, डुलत राहिली तर गेला. ही चाचणी आजूबाजूच्या प्रत्येकाला करावीशी वाटते. अध्यक्ष करून पाहतात, खजिनदार करतात, चहावाल्याचा पोऱ्या करतो आणि प्रत्येक जण मान हलवतो. जुनी गाडी विकत घेताना सोबत नेलेले काकाही हेच करतात, कारण न बोलता जाणकार दिसण्याचा दुसरा मार्ग बॉनेट उघडून 'हं' म्हणणे एवढाच आहे. अडचण अशी, की रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे इतके कडक असतात की दोघांच्या वजनाने ते दबतच नाहीत, आणि मेलेला शॉकअपही परीक्षेत पास होतो. त्यापेक्षा खाली वाकून तेलाचा ओघळ पाहणे, बुश हाताने हलवून पाहणे आणि मघाची तापमानाची चाचणी करणे जास्त भरवशाचे. वाकल्याने कपडे मात्र खराब होतात.

खरेदीसाठी आग्रा रस्त्याच्या बाजूचे ट्रान्सपोर्ट नगर. ट्रक, टेम्पो, पिकअप यांचा दवाखाना, औषधाचे दुकान आणि स्मशान एकाच वस्तीत. दुकानदार आधी पाणी देतो, मग चहा, मग भाव. "कौन सा लगाऊँ भाईसाब, कंपनी का, गैस वाला या हेवी ड्यूटी?" यावर हिंदी येणारा "अच्छावाला" असे उत्तर देतो आणि बाजारातली आपली किंमत स्वतःच ठरवून टाकतो.

प्रश्न मात्र रास्त असतो. मूळ कंपनीचा शॉकअप म्हणजे तडजोड: रिकामी गाडी फार आदळू नये आणि भरलेली फार डुलू नये, अशा बेताने जुळवलेला. गॅसवाल्यात तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन असतो. त्यामुळे फेस कमी होतो आणि लांबच्या, खडबडीत, तापलेल्या रस्त्यावर तो टिकून काम करतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या या मुलखात हा गुण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हेवी ड्यूटीचे नाव भारदस्त आहे, पण ती भारदस्ती सतत ओझे वाहणाऱ्या गाडीलाच शोभते. देव एकदाच यायचे आहेत. त्यानंतर दहा वर्षे गाडी बहुतांशी रिकामी किंवा दुधाच्या कॅनसह धावणार, आणि जास्त कडक शॉकअपवर त्या दुधाचे लोणी गावाच्या वेशीआधीच निघणार. तेव्हा मूळच्या तोडीचा किंवा गॅसचा घ्यावा आणि थांबावे. उंची वाढवून, ट्रॅक्टरला लाजवतील असे टायर चढवून शहरातल्या मॉलपर्यंत जाणाऱ्या गाड्यांना लांब दांड्याचे वेगळे शॉकअप लागतात. त्यांचा मूर्तीशी संबंध नाही. चौथा पर्याय रिकंडिशनचा: जुने नळकांडे कापून, सील आणि तेल बदलून, पुन्हा वेल्डिंग करून वर काळा रंग मारलेला. रंग उत्तम असतो.

शॉकअप जोडीने बदलतात, निदान एका ॲक्सलचे दोन्ही. नवा आणि जुना एकाच ॲक्सलवर नांदत नाहीत. ब्रेक लावताना किंवा वळताना गाडी दोन मतांची होते. "एकच बदलला तर?" हा प्रश्न खजिनदार विचारतात, कारण तो विचारण्यासाठीच त्यांना आणलेले असते.

बसवण्याचे काम मुख्यतः आधीचे काढण्याचे असते. गाडी जॅकवर उचलून चासीखाली लोखंडी स्टँड लावतात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि शिरलेलेही सगळेच असतात. मागच्या ॲक्सललाही खालून आधार द्यायचा, नाहीतर शॉकअप सुटल्यावर तो खाली लोंबतो आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण बसतो. मग येतो खालचा बोल्ट. दहा पावसाळ्यांचा चिखल, उसाचा चोथा आणि गंज मिळून नट आणि बोल्ट यांचा अतूट संसार झालेला असतो. मिस्त्री तारेच्या ब्रशने आटे साफ करतो, गंज सोडवणारा फवारा मारतो आणि चहा मागवतो. हा चहा कामाचाच भाग आहे. फवाऱ्याला आत झिरपायला वेळ लागतो. मग पाना लावला जातो. तो हलत नाही. पान्याच्या दांड्याला हातभर पाइप जोडला जातो. मिस्त्री पाय रोवून खेचतो, मानेच्या शिरा उभ्या राहतात, अध्यक्ष "उलटा घुमाओ" असे सुचवतात. शेवटी हाताखालचा पोऱ्या पाइपवर उभा राहून एक हलकी उडी मारतो. 'कड्' असा आवाज होतो आणि सगळे गप्प होतात, कारण नट सुटला की बोल्ट तुटला हे आवाजावरून कळत नाही. तुटला तर कापणे, ठोकणे आणि नवा बोल्ट शोधणे यात तास जातो. सुटला तर पोऱ्या काही झालेच नाही अशा चेहऱ्याने खाली उतरतो.

वरचा नट सोडवताना दांडाही बरोबर फिरतो. तेव्हा दांडा पक्कडीत धरण्याचा मोह होतो, आणि जुन्यापुरता तो क्षम्य आहे. नव्याच्या बाबतीत नाही. चकचकीत दांड्यावर पक्कडीचा एक चरा उमटला की तो प्रत्येक फेरीला सील खरवडतो आणि नवा शॉकअप जुन्याच्या वाटेने निघतो. नवा साधा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून ओढायचा, म्हणजे आडवा पडून आत अडकलेली हवा वर सरकते. गॅसचा पट्ट्याने बांधून येतो. पट्टा कापला की तो आपसूक लांब होतो, आणि त्या वेळी त्याच्यावर हनुवटी टेकवून वाचत बसू नये. पुष्कळ एसयूव्हींना पुढे स्प्रिंगच्या पोटातच शॉकअप असतो. तिथे स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा हवा आणि तो वापरणारा जाणता हात हवा. दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोरच्याला क्षमा मागायला सवड मिळत नाही. हे काम फुटपाथवर करून घेऊ नये.

बुशाचे बोल्ट सुरुवातीला सैल ठेवून, गाडी चारही चाकांवर उतरवल्यावर मग पक्के आवळायचे, ही पायरी घाईत हमखास गाळली जाते. चाके लोंबत असताना आवळले तर रबर गाडी उतरताच पिळले जाते आणि जन्मभर पिळलेलेच राहते. तो जन्म अर्थातच लहान ठरतो. पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट काढला असेल तर नंतर अलाइनमेंट करून घ्यावी. ते दुकान कुठे आहे हे मिस्त्री सांगतो, आणि ते बहुधा त्याच्या साडूचे असते.

पहिल्या फेरीत गाडी कडक वाटते. काहींना ती बिघडल्यासारखी वाटते, कारण गेली चार वर्षे ज्याला मऊपणा म्हणून नावाजले ते डुलणे असते. गतिरोधक एकदा लागतो आणि संपतो; दुसऱ्या-तिसऱ्या हेलकाव्यासाठी सावरून बसलेले प्रवासी विनाकारण ताठ राहतात. ड्रायव्हर मात्र पहिल्याच वळणाला ओळखतो आणि काही बोलत नाही, कारण दोन वर्षे तो तेच सांगत होता.

काढलेले शॉकअप भंगारात द्यायचे असतात. गॅसचे असतील तर ते कापण्याच्या किंवा तापवण्याच्या भानगडीत पडू नये. आत दाब असतो. ट्रान्सपोर्ट नगरात भंगारवाला शोधावा लागत नाही, तो पहिला जॅक लागल्यापासून शेजारीच उभा असतो. तरी मराठी रिवाजाप्रमाणे खजिनदार जुने दोन्ही नग कागदात गुंडाळून हौद्यात ठेवायला लावतात, 'असू द्या, कशाला तरी होतील.' ते मूर्तीच्या खोक्याला लागणार नाहीत असे दोरीने बांधावेत. नव्या बोल्टांना पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचा असतो. जयपूरहून दक्षिणेला निघालेल्या गाडीचे एवढे अंतर उदयपूरच्या आसपास भरते, आणि तिथे जेवायला थांबायचेच असते. पाना सीटखाली ठेवावा. हौद्यात ठेवला तर तो देवाच्या मागे जातो आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत सापडत नाही.